ऑनलाइन पीएमएचएनपी (अमेरिका): प्रोग्राम निवडताना नेमकं काय तपासायचं?

चाफा (धागाकर्ती)

अमेरिकेत आरएन (नोंदणीकृत नर्स) म्हणून काम करणाऱ्या मंडळींचा हा प्रश्न नर्सिंगच्या जुन्या धाग्यात विखुरलेला आहे, म्हणून वेगळा धागा काढते. पीएमएचएनपी म्हणजे सायकियाट्रिक मेंटल हेल्थ नर्स प्रॅक्टिशनर (एनपी). मनोविकारांचं निदान करणे, औषधं लिहून देणे, थेरपी देणे ही सगळी कामं यात येतात. बीएसएन (नर्सिंगची पदवी) असेल तर एमएसएन (मास्टर्स) किंवा डीएनपी (डॉक्टरेट), आणि आधीच एफएनपी (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर) वगैरे असाल तर पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट.

जाहिराती सगळ्यांच्या एकाच साच्यातल्या: शंभर टक्के ऑनलाइन, नोकरी सांभाळून करा, जीआरई नको, वर्षातून सहा वेळा प्रवेश. मग निवडायचं कशावर? फी, रँकिंग, पास रेट की आणखी काही? माहितगारांनी कृपया नेमकं लिहा. "ऑल द बेस्ट" चे प्रतिसाद नंतर दिले तरी चालतील.

---

निशिगंधा

रँकिंग सगळ्यात शेवटी बघा. पहिला प्रश्न शाळेला हा विचारा: माझ्या राज्यात, माझ्या घरापासून इतक्या मैलांच्या आत प्रीसेप्टर (दवाखान्यात शिकवणारा, देखरेख करणारा) कोण शोधणार, तुम्ही की मी?

ऑनलाइन असतात ती फक्त लेक्चर्स. पेशंटसमोर बसायचे तास, म्हणजे क्लिनिकल, प्रत्यक्षच भरावे लागतात. एएनसीसी या सर्टिफिकेशन देणाऱ्या संस्थेच्या परीक्षेला बसायला किमान ५०० तास लागतात, आणि नर्स प्रॅक्टिशनर शिक्षणाच्या राष्ट्रीय टास्क फोर्सचे २०२२ चे निकष ७५० तास मागतात. डीएनपीला बऱ्याच शाळा बीएसएननंतरचे एकूण १,००० तास मागतात. हे तास कुणाच्या तरी दवाखान्यात, कुणाच्या तरी देखरेखीखाली होतात, आणि तो 'कुणीतरी' मिळवताना घोडं अडतं.

शाळांची उत्तरं तीन प्रकारची असतात. "आम्ही जागा देतो, फार तर अमुक मैल जावं लागेल." हे सगळ्यात चांगलं. "आम्ही मदत करतो" याचा अर्थ बहुतेक वेळा एक जुनी एक्सेल यादी, आणि तिच्यातले निम्मे फोन लागत नाहीत. तिसरं, "विद्यार्थ्याने सुचवावं, आम्ही मंजुरी देऊ." म्हणजे सगळं तुमच्या गळ्यात.

'मदत करतो' म्हणणाऱ्यांना ईमेलवर पुढचे प्रश्न टाका. फोनवर नको, लेखी उत्तर हवं.

मागच्या तीन टर्ममध्ये माझ्या राज्यातल्या किती विद्यार्थ्यांना जागा वेळेवर मिळाली? मिळाली नाही तर ती टर्म पुढे ढकलली जाते की फी बुडते? प्रीसेप्टर मध्येच सोडून गेला तर उरलेले तास कोण लावून देतं, आणि किती दिवसांत? प्रीसेप्टरला मानधन द्यावं लागलं तर ते कोण देतं?

दोन आठवड्यांत सरळ उत्तर आलं नाही, तर तेच उत्तर समजा.

---

टिचकी

प्रवेशासाठी दिवसाला चार फोन करणारी शाळा प्रीसेप्टरचं विचारल्यावर आठवडाभर गायब होते. फुकटातली चाचणी आहे, करून बघा.

---

हडसनकाठ

निशिगंधा यांना अनुमोदन. फक्त त्याच्याही आधीची एक पायरी: तुमच्या राज्यात ती शाळा चालते का?

अॅक्रेडिटेशन (मान्यता) दोन पातळ्यांवर बघायचं. एक संपूर्ण विद्यापीठाचं, दुसरं नर्सिंग प्रोग्रामचं. नर्सिंगसाठी सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन सीएनईए यांपैकी एका संस्थेचं हवं. इथे एक मेख आहे. शाळेचा एमएसएन अॅक्रेडिटेड असतो, पण पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट नवीन असल्याने त्याची मान्यता वेगळी घ्यावी लागते. शाळेच्या पानावरचा शिक्का बघून थांबू नका, अॅक्रेडिट करणाऱ्या संस्थेच्या साइटवर जाऊन त्या प्रोग्रामचं नाव शोधा.

मग राज्य. शाळेच्या साइटवर 'प्रोफेशनल लायसन्शर डिस्क्लोजर' नावाचं पान असतं, सहसा तळाशी बारीक अक्षरांत. संघराज्याच्या नियमामुळे ते द्यावंच लागतं. त्यात राज्यांपुढे 'पात्रता पूर्ण होते' किंवा 'होत नाही' असं लिहिलेलं असतं, काही पानांवर 'ठरवलेलं नाही' असंही. हा तिसरा शेरा असेल तर पुढे जाऊ नका. शाळा 'सारा' करारात आहे एवढ्याने भागत नाही. तो करार दूरशिक्षणापुरता आहे, नर्सिंग बोर्डाचा नाही. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन राज्यात बाहेरच्या शाळेला क्लिनिकलसाठी विद्यार्थी बसवायला वेगळी परवानगी लागते. ती नसलेल्या शाळेत दोन वर्षं थिअरी पूर्ण होते, आणि क्लिनिकलच्या टर्मला कळतं की स्वतःच्या गावात तास भरता येत नाहीत.

अभ्यासक्रम चालू असताना राज्य बदलण्याची शक्यता असेल (नवऱ्याची किंवा बायकोची बदली, एच-१बी वगैरे) तर त्या दुसऱ्या राज्याची ओळही आत्ताच वाचून ठेवा.

---

पाचवा_मजला

पास रेटबद्दल. आकडा मागताना चार गोष्टी जोडून मागा: पहिल्याच प्रयत्नातला, पीएमएचएनपी ट्रॅकचा वेगळा, गेल्या तीन वर्षांचा, आणि परीक्षेला बसलेल्यांची संख्या. सहापैकी सहा पास झाले तरी शंभर टक्के होतात. सीसीएनईची अपेक्षा ८० टक्क्यांची आहे, म्हणजे ८२ टक्के असलेली शाळा 'राष्ट्रीय निकषांपेक्षा वर' असं छापू शकते. त्यात खोटं काही नाही, पण भारावून जाण्यासारखंही काही नाही.

शिवाय काही शाळांत शेवटच्या टर्मला एक्झिट परीक्षा असते. ती पास होईपर्यंत डिग्री देत नाहीत, म्हणजे कच्चे विद्यार्थी एएनसीसीपर्यंत पोचतच नाहीत आणि पास रेट झकास दिसतो. म्हणून सोबत हेही विचारा की प्रवेश घेतलेल्यांपैकी किती टक्के पूर्ण करतात आणि सरासरी किती टर्ममध्ये.

---

चाफा

एक शंका. ७५० तास नोकरी करून खरंच होतात का? आणि त्यात काय काय धरतात?

---

निशिगंधा

हिशेब मांडू. १५ आठवड्यांच्या तीन टर्म धरल्या तर ४५ आठवडे. ७५० भागिले ४५ म्हणजे आठवड्याला साधारण १७ तास, दोन पूर्ण दिवस. बारा तासांच्या तीन शिफ्ट म्हणजे ३६. अभ्यास, केस स्टडी, चर्चेच्या पोस्ट यांचे १५. झाले ६८. वर प्रवास. सुट्ट्या, प्रीसेप्टरची रजा, न आलेले पेशंट यांना या हिशेबात जागाच नाही. म्हणून क्लिनिकलच्या वर्षी शिफ्ट तीनवरून दोनवर आणता येतील का, हे युनिट मॅनेजरला प्रवेश घेण्याआधी विचारावं. रात्रपाळी करून सकाळी आठला क्लिनिकला बसायचा बेत कागदावरच बरा दिसतो.

दिवस बहुतेक सोम ते शुक्र, दिवसाचेच. शनिवार-रविवार ओपीडीवाला प्रीसेप्टर क्वचित मिळतो.

तासांत धरतात ते थेट पेशंटसोबतचं काम. जेवणाची सुट्टी नाही, प्रवास नाही, सिम्युलेशन लॅब नाही. नुसतं कोपऱ्यात बसून बघणं फार तर पहिले काही दिवस चालतं. टायफनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पेशंटची नोंद करायची असते. नमुना म्हणून एक: "वय १४, मुलगी, फॉलो-अप, शाळेत जायला नकार, चिंताविकार, सर्ट्रालीन २५ वरून ५० मिलिग्रॅम, आत्मघाताचे विचार विचारले, नाहीत, ३० मिनिटं, मुलाखत विद्यार्थिनीने घेतली, निर्णय प्रीसेप्टरशी चर्चा करून." नाव, जन्मतारीख, शाळेचं नाव काहीही नाही. नोंदी त्याच दिवशी करा. महिन्याच्या शेवटी शंभर नोंदी आठवून भरायला गेलात की वयोगटांचा घोळ होतो, आणि शाळा तास नाकारते ती तिथेच.

वयोगट महत्त्वाचे, कारण सध्याचं सर्टिफिकेशन 'सर्व वयोगटांसाठी' असं एकच आहे. मुलं, किशोरवयीन, प्रौढ, वृद्ध सगळे लागतात. प्रौढांचा प्रीसेप्टर एक वेळ मिळेल. लहान मुलांचा मिळणं सगळ्यात कठीण, त्यामुळे शोध तिथून सुरू करा.

थेरपीचंही विसरू नका. एएनसीसीला किमान दोन मानसोपचार पद्धतींचं क्लिनिकल प्रशिक्षण हवं असतं. पंधरा मिनिटांत औषध बदलून पुढचा पेशंट अशाच क्लिनिकमध्ये सगळे ७५० तास गेले तर ही बाजू लंगडी राहते. सीबीटी, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, सपोर्टिव्ह थेरपी कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली करायची, हे शाळेने सांगायला हवं.

---

ऑस्टिनचा_आळशी

प्रीसेप्टर स्वतः शोधायची वेळ आलीच तर क्रम असा ठेवा.

टर्मच्या आठ-नऊ महिने आधी सुरुवात. सगळ्यात आधी आपल्याच हॉस्पिटलचं शिक्षण खातं. कर्मचाऱ्यांना प्राधान्य असतं आणि करार आधीच झालेला असू शकतो. मग काउंटीची सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रं, व्हीए (माजी सैनिकांची हॉस्पिटलं), व्यसनमुक्ती केंद्रं, कॉलेजांची समुपदेशन केंद्रं. खाजगी प्रॅक्टिस शेवटी, कारण विद्यार्थी बसवला की पेशंट कमी होतात आणि ते त्यांना परवडत नाही.

प्रीसेप्टर म्हणून पीएमएचएनपी किंवा सायकियाट्रिस्ट चालतो. साधारण एक वर्षाचा अनुभव आणि स्वच्छ लायसन्स लागतं. शाळेनुसार यात फरक असतो, त्यामुळे प्रीसेप्टरने 'हो' म्हणायच्या आधी शाळेची अट वाचा.

तोंडी 'हो' म्हणजे अर्धंच काम. त्यानंतर शाळा आणि क्लिनिक यांच्यात अॅफिलिएशन करार होतो, आणि विम्याच्या रकमेवरून, नुकसानभरपाईच्या कलमावरून दोन्हीकडचे वकील कागद इकडून तिकडे ढकलत बसतात. दोन ते सहा महिने धरा. सरकारी किंवा मोठ्या हॉस्पिटल साखळीत त्याहून जास्त. शाळेचा करार असलेल्या जागांची यादी प्रवेशाआधी मागून घ्या. तुमच्या गावातली एक जागा जरी तीत असली तरी सहा महिने वाचतात.

प्रीसेप्टर जुळवून देणाऱ्या खाजगी कंपन्या आहेत, हजारो डॉलर घेतात. शाळेची परवानगी आहे का आणि प्रीसेप्टर गळला तर पैसे परत मिळतात का, हे न बघता पैसे भरू नका.

---

हडसनकाठ

टेलिहेल्थचं (व्हिडिओवरून पेशंट बघण्याचं) राहिलं. बऱ्याच शाळा टेलिहेल्थच्या तासांना मर्यादा घालतात, किती ते विचारा. आणि नियम पेशंट जिथे बसलाय तिथला लागतो. त्या राज्याचं आरएन लायसन्स तुमच्याकडे हवं. कॉम्पॅक्ट लायसन्स असेल तर बरीच राज्यं उघडतात, पण न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया त्यात नाहीत.

---

टिचकी

फीचं कुणीच बोलत नाहीये. मराठी माणसांचा धागा आहे ना हा?

---

पाचवा_मजला

घ्या. प्रति क्रेडिट ५०० डॉलरपासून १,५०० च्या वरपर्यंत सगळं मिळतं. ४८ क्रेडिटचा एमएसएन धरला तर ६५० च्या दराने ३१,२०० आणि १,१०० च्या दराने ५२,८००. फरक २१,६००. डोळ्यात भरणारा आहे, पण पुढे वाचा.

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याच्या २०२३ च्या आकड्यांत नर्स प्रॅक्टिशनरचा मध्यम वार्षिक पगार १,२६,२६० डॉलर, आरएनचा ८६,०७०. म्हणजे फरक वर्षाला सुमारे ४०,०००, चार महिन्यांच्या एका टर्मला सुमारे १३,०००. स्वस्त शाळेत प्रीसेप्टर न मिळाल्याने दोन टर्म वाया गेल्या की २१,६०० वाचवल्याचं समाधान संपलं. हे आकडे सगळ्या एनपींचे आहेत, सायकचे वेगळे नाहीत. हिशेबाची दिशा समजण्यापुरते धरा.

छुपे खर्च वेगळे: टेक्नॉलॉजी फी, क्लिनिकल फी, तासांच्या सॉफ्टवेअरचं शुल्क, कॅमेऱ्यासमोरच्या परीक्षेचं शुल्क, कॅम्पसवरच्या दोन ते पाच दिवसांच्या सत्रांचा प्रवास आणि हॉटेल. 'ऑनलाइन' शाळांतही अशी सत्रं असतात.

कर्ज काढणाऱ्यांसाठी: १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस कर्ज बंद, आणि साध्या ग्रॅज्युएट कर्जाला वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलरची मर्यादा. महाग शाळेचं गणित यामुळे बदलतं. ग्रीन कार्ड असेल तर संघराज्याचं कर्ज मिळतं. एच-१बी, एच-४ वर नाही. हॉस्पिटलच्या ट्यूशन मदतीची अट वाचून घ्या. पैसे घेतल्यावर अमुक वर्षं तिथेच काम करायचं असतं, आणि पीएमएचएनपीची जागाच नसेल तर ती वर्षं आरएन म्हणूनच काढायची का, हे त्या कागदात असतं.

---

मोगरा_डलास

एफएनपी आहे, पोस्ट-मास्टर्स करायचं म्हणते. जुने तास धरतील?

---

निशिगंधा

एफएनपीचे तास सायकमध्ये धरत नाहीत. पीएमएचएनपी प्रोग्राममधले किमान ५०० तास वेगळे भरावेच लागतात. जुने धरले जाऊ शकतात ते 'तीन पी': अॅडव्हान्स्ड पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि फिजिकल असेसमेंट. तिन्ही स्वतंत्र विषय म्हणून ट्रान्सस्क्रिप्टवर दिसायला हवेत. जुन्या अभ्यासक्रमात दोन विषय एकत्र शिकवले असतील तर एएनसीसीच्या अर्जाच्या वेळी अडचण येते. काही शाळा पाच किंवा दहा वर्षांपेक्षा जुना फार्माकॉलॉजीचा विषय पुन्हा करायला लावतात. शाळा जुन्या ट्रान्सस्क्रिप्टवरून 'गॅप अॅनालिसिस' करून देते. ती सही-शिक्क्यासह हातात येईपर्यंत डिपॉझिट भरू नका.

डलासला आहात म्हणून सांगते, टेक्सासात एनपीला डॉक्टरसोबत प्रिस्क्रिप्शनचा करार लागतो. शेड्यूल दोनची (कडक नियंत्रणाखालची) औषधं हॉस्पिटल आणि हॉस्पिसपुरतीच. म्हणजे ओपीडीत एडीएचडीच्या मुलाला मिथाइलफेनिडेट तुमच्या सहीने जाणार नाही. लहान मुलांची प्रॅक्टिस डोक्यात असेल तर हे आधी समजून घ्या. कॅलिफोर्नियात एबी ८९० कायद्यामुळे टप्प्याटप्प्याने स्वातंत्र्य मिळतं, आधी तीन वर्षं किंवा ४,६०० तासांचा अनुभव. याचा शाळेशी थेट संबंध नाही, पण प्रॅक्टिस कुठे करायची यावर क्लिनिकल कुठे करावं हे ठरतं.

डीईएच्या नोंदणीसाठी (नियंत्रित औषधं लिहून द्यायला ती लागते) व्यसनविकारांचं आठ तासांचं प्रशिक्षण जून २०२३ पासून लागतं. शाळेच्या अभ्यासक्रमात ते धरलेलं असेल तर वेगळा कोर्स करायला नको.

---

संत्राबर्फी

नागपूरहून विचारतेय. बीएस्सी नर्सिंग झालंय, मनोरुग्णालयाचा अनुभव आहे. भारतात राहून असा ऑनलाइन प्रोग्राम करता येईल का?

---

हडसनकाठ

नाही, ताई. अमेरिकेतल्या राज्याचं चालू आरएन लायसन्स ही प्रवेशाची अट असते आणि क्लिनिकल तास अमेरिकेतच भरावे लागतात. पूर्ण ऑनलाइन प्रोग्रामवर एफ-१ व्हिसाही मिळत नाही. त्यामुळे आधी आरएन, मग हे. आरएनची परीक्षा एनसीलेक्स मुंबईत देता येते. कागदपत्रांचं मूल्यांकन सीजीएफएनएसकडून, ज्याचं नाव आता ट्रूमेरिट आहे. एमयूएचएस (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ) आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल दोघांकडून कागद थेट पाठवले जावे लागतात. यात महिने जातात, म्हणून एजंटला पैसे देण्याआधी ट्रान्सस्क्रिप्टचा अर्ज टाका. १९९८ च्या आधी प्रवेश घेतलेल्यांचे कागद जुन्या विद्यापीठाकडे असतात.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि वर पोस्ट बेसिक बीएस्सी असलेल्यांनी मूल्यांकनात ती अमेरिकन बॅचलरच्या बरोबरीची धरली जाते का, ते आधी बघावं. नाहीतर आरएन-टू-एमएसएन हा लांबचा रस्ता.

---

निशिगंधा

आणि भारतातच काम करायचं असेल तर ही डिग्री उपयोगाची नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम क्रिटिकल केअरचा आहे, मनोविकारांचा नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत किंवा अध्यापनात पुढे जायचं तर एमएस्सी सायकियाट्रिक नर्सिंग हा मुख्य रस्ता.

---

चाफा

मूळ लेखात प्रीसेप्टरचे प्रश्न आणि डिस्क्लोजरच्या पानाचा मुद्दा नंतर घालते. शेवटची शंका: क्लिनिकलच्या आधी आरोग्य तपासणीची यादी देतात, त्यात आपल्याकडच्यांना काही वेगळं लागतं का?

---

ऑस्टिनचा_आळशी

टीबी. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे आणि खुलाशांच्या पत्रात क्लिनिकलचे पहिले दोन आठवडे जातात. सुरुवातीलाच रक्ताची क्वांटिफेरॉन चाचणी करून तोच रिपोर्ट अपलोड करा. हेपॅटायटिस बीचा टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी) कमी आला तर लशीचे डोस पुन्हा घ्यावे लागतात, आणि जुन्या तीन डोसांच्या लशीला सहा महिने लागतात. म्हणून टायटर प्रवेशाच्या वेळीच बघा, क्लिनिकलच्या तोंडावर नको. गोवर-कांजिण्यांचे लहानपणीचे कागद गावाकडून शोधत बसण्यापेक्षा तेही टायटरच करून टाका.